रापणीची दोरी आणि रेकॉर्डरचं बटण : मालवण किनाऱ्यावर आठवणी नोंदवायला निघालेल्यांसाठी

मालवणच्या धक्क्यावर उभं राहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पाहिलं तर मधल्या पाण्यात कुठलीही रेघ दिसत नाही. कागदावर ती आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी इथला २९.१२२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातलं ३.१८२ चौरस किलोमीटर हे गाभा क्षेत्र, म्हणजे किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक. गंमत अशी की नियमानं सगळ्यात कडक राखायच्या या जागेत, किल्ल्याच्या तटाच्या आत, आजही मोजकी कुटुंबं राहतात. त्यांची मुलं शाळेला होडीतून येतात आणि घरातली माणसं पाऊस लागायच्या आत आगोटीची बेगमी करून ठेवतात.

अशा जागेत राहिलेल्या आणि राबलेल्या माणसांच्या आठवणी नोंदवाव्यात असं वाटणारे बरेच जण हल्ली भेटतात. कुणी कॉलेजचा प्रकल्प म्हणून येतं, कुणी मुंबईहून आजोळी परतलेलं असतं. बहुतेकांची सुरुवात माझ्यासारखीच चुकीची होते. माझा पहिला प्रश्न होता, “अभयारण्य झालं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” समोरचे तात्या म्हणाले, “कसला अभयारण्य?” आणि मग पत्रकाराला द्यावं तसं दहा मिनिटांचं भाषण दिलं. दुसऱ्या खेपेला मी विचारलं की पहिल्यांदा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला गेलात तेव्हा दोरीचं कुठलं टोक हातात आलं होतं. त्या दिवशी चहा दोनदा झाला आणि फोनची बॅटरी संपली.

पुढे जे लिहिलं आहे ते या दोन प्रश्नांमधल्या फरकाबद्दलच आहे. माणसाला मत विचारू नका, काम विचारा.

जाण्याआधी काय वाचायचं

फार नाही, पण जे वाचाल ते नीट वाचा. अभयारण्याची अधिसूचना आणि तिच्यातल्या सीमा नकाशावर स्वतःच्या हातानं काढून पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ च्या दुरुस्तीनं एक तरतूद आली. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित राखण्याचे पुरेसे उपाय आधी करावे लागतील. मालवणचं अभयारण्य त्याच्या चार वर्षं आधीचं. हा मागचा-पुढचा क्रम डोक्यात असला की लोकांच्या बोलण्यातला “आमका कोणी इचारल्यानच नाय” हा सूर कुठून येतो ते कळतं.

दुसरं, १८८० साली छापलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड चाळा. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तिथंच राहिलं. म्हणून जुने सरकारी कागद सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, सापडले नाहीत तर गोंधळू नका.

आणखी एक कायदा माहीत हवा : महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा. ट्रॉलर, पर्ससीन (माशांचा थवा घेरून पकडणारं मोठं जाळं), पारंपरिक मच्छीमार हे शब्द मुलाखतीत दर पाच मिनिटांनी येणार आहेत. पर्ससीनवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं निर्बंध आले. तुम्ही कुणाची बाजू घ्यायची नाही, पण कोण कशाबद्दल चिडलंय ते कळायला एवढं लागतं.

कधी जायचं

याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुष्कळांची पहिली फेरी इथेच फुकट जाते.

मे महिन्यात जाऊ नका. लग्नं असतात, चाकरमानी आलेले असतात, तारकर्लीत ज्यांची घरं न्याहारी-निवासाची झाली आहेत ते पाहुण्यांच्या पाठी धावत असतात. गणपतीत तर नाहीच. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर जरूर जा, दर्याला नारळ देताना पाहा, बायकांचं नारळ लढवणं पाहा, पण रेकॉर्डर खिशातच असू दे. त्यानंतर हंगाम सुरू होतो. रापणकराला तुमच्याशी बोलायला सवड असते ती रापण न लागलेल्या दिवशी, आणि त्या दिवशी त्याचं तोंड कडू असतं.

चांगला काळ म्हणजे जून-जुलै. यांत्रिकी होड्यांना बंदी असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात आणि ओसरीवर जाळी दुरुस्त होत असतात. हात कामात गुंतलेले आणि तोंड मोकळं, यापेक्षा चांगली मुलाखत दुसरी नाही. अडचण एकच, पाऊस. पत्र्यावर पाऊस लागला की ध्वनिमुद्रणात नुसता तडतडाट येतो. कौलारू घर बघा, माजघरात बसा, किंवा सर ओसरेपर्यंत गप्पा मारा आणि मग बटण दाबा. गप्पा मारतानाच सगळ्यात चांगलं सांगून झालं तर हळहळू नका. “मघाशी ती पडावाची गोष्ट सांगितलीत ना, ती परत सांगाल?” असं विचारलं की लोक परत सांगतात, आणि दुसऱ्यांदा अधिक नीट सांगतात.

किल्ल्यातल्या कुटुंबांकडे जायचं असेल तर पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात. तिथलं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठेवा आणि सकाळी पर्यटक यायच्या आत पोचा.

कोणाकडे जायचं

गावात शिरल्यावर जो तो तुम्हाला एकाच माणसाकडे पाठवेल. तो माणूस चांगलं बोलतो, त्याला सगळं माहीत असतं आणि त्याची मुलाखत आधी दहा जणांनी घेतलेली असते. त्याला भेटा, मान द्या, पण तिथं थांबू नका.

रापण हे एकट्याचं काम नाही. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ मारून परत किनाऱ्याला येते आणि मग दोन्ही टोकांना दोन रांगा लागून जाळं ओढतात. होडीवरचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, वेगळं सांगेल, किनाऱ्यावर ओढणारा वेगळं. मासळी वाटताना “वाटो” कसा पडायचा, होडीचा किती, जाळ्याचा किती, नुसत्या ओढणाऱ्याचा किती, हे दोघांकडून वेगवेगळं ऐका. शाळा बुडवून दोरीला हात लावणाऱ्या पोराला काय मिळायचं हेही विचारा. आज सत्तरीत असलेल्या पुष्कळांची पहिली कमाई तीच.

गाबीत समाज हा इथल्या मासेमारीचा कणा, पण किनाऱ्यावर राबणारे सगळे गाबीत नव्हेत. माडावर चढणारे भंडारी, ख्रिस्ती मच्छीमार, होडी बांधणारे सुतार, खारवलेली मासळी घाटावर नेणारे व्यापारी, बर्फ वाहणारे, ट्रॉलरवर आलेले परप्रांतीय खलाशी, वन खात्याचे निवृत्त रक्षक, आणि कालपर्यंत गळ टाकणारी व आज पर्यटकांना स्कूबाला घेऊन जाणारी पोरं. शेवटच्यांना वगळू नका. त्यांच्यापैकी काहींनी आजोबांनी जाळं टाकताना चुकवलेला खडक स्वतः पाण्याखाली जाऊन पाहिला आहे. आजोबा आणि नातू यांना एकत्र बसवून त्या एका खडकाबद्दल बोलतं करून बघा.

मुंबईची बोट बंदरात यायची त्या काळातली माणसं आता थोडी उरली आहेत. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून, उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या यांची ने-आण व्हायची. पडाववाले, हमाल, तिकीट फाडणारे यांना आधी गाठा. बाकीची यादी थांबू शकते, हे ऐंशीच्या पुढचे थांबू शकत नाहीत.

आणि बायका. नवरा ओसरीवर बसलेला असला की आतून एकच उत्तर येतं, “माका काय्येक म्हायत नाय, ह्येंकाच इचारा.” त्यावर विश्वास ठेवू नका. मासळी किनाऱ्यावर आली की पुढचा सगळा हिशेब त्यांच्याकडे असतो : लिलावात भाव कोणी पाडला, कुठल्या गावाला पाटी डोक्यावर घेऊन चालत जायचं, भाताच्या बदल्यात किती बांगडे द्यायचे, मीठ कुठून आणायचं, उधारी कोणी बुडवली. त्यांच्याकडे वेगळ्या दिवशी जा, शक्यतो बाईनं जावं, आणि बाजार उठल्यावर दुपारी जावं. एका आजींनी मला पहिला अर्धा तास काही सांगितलं नाही. मी सुकवायला टाकलेली मासळी उलटवायला लागलो तेव्हा “असां नाय रे” म्हणून जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं.

परवानगी

छापील संमतिपत्र खिशातून काढलंत की चेहरे बदलतात. किनाऱ्यावर सहीचा कागद म्हणजे जमीन जाणार अशीच लोकांची समजूत असते, आणि ती काही उगाच झालेली नाही. म्हणून आधी तोंडी सांगा : मी कोण, हे कशासाठी, कोण ऐकणार, नको असेल ते कसं काढता येईल. त्यांचं “होय” ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच घ्या. कागद लागणारच असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, घरातल्या शिकलेल्या मुलीला वाचून दाखवायला सांगून.

अभयारण्यात एक जास्तीची जबाबदारी आहे. लहानपणी कासवाची अंडी खाल्ली, प्रवाळाचा तुकडा घरात आणून ठेवला, अमुक खडकाजवळ अजूनही जातो, असं लोक सहज बोलून जातात. व्हेल शार्क २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आला. त्याच वर्षी प्रवाळही आले. त्याआधीची गोष्ट आणि नंतरची गोष्ट यांत कायद्याच्या दृष्टीनं फार फरक आहे, सांगणाऱ्याला मात्र तो तितका जाणवत नाही. तुम्हाला जाणवला पाहिजे. असं काही आलं की रेकॉर्डर थांबवा आणि विचारा, हे ठेवायचं का. ठेवायचं म्हणाले तरी नाव, वाडी, होडीचा क्रमांक काढून टाका, आणि तेवढा भाग कुणाच्या हाती द्यायचा नाही अशी खूण फाइलवर करा. मासे हमखास लागणाऱ्या जागांचंही तसंच. ती त्या घराची ठेव असते.

सामान

महागडं काही लागत नाही. बरा मोबाइल, कॉलरला लावायचा माइक आणि माइकवर वाऱ्यासाठी लोकरी टोपी. टोपी विसरलात तर किनाऱ्यावरचं सगळं मुद्रण घोंघाटात जाईल. फोन विमान मोडवर टाका. आवाज एमपीथ्रीऐवजी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झला ठेवा. पंखा बंद करायला सांगताना लाजू नका, फ्रिजपासून लांब बसा. सुरुवातीला तारीख, गाव, सांगणाऱ्याचं आणि तुमचं नाव बोला. शेवटी अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीचा आवाज घ्या, पुढे जोडकाम करताना उपयोगी पडतो. दुसरा फोन जवळ ठेवून त्यावरही मुद्रण करा. खारी हवा आणि घाम यांनी माझा एक माइक ऐन वेळी मेला आहे, दोन तासांची मुलाखत दुसऱ्या फोनमुळे वाचली.

मुलाखत समुद्राकाठी घेऊ नका. घरात घ्या, आणि किनाऱ्यावर वेगळी फेरी मारा. त्या फेरीत फोटो आणि टिपणं, मुद्रण झालं तर झालं.

विचारायचं कसं

एका दिवसापासून सुरुवात करा. “पहाटे किती वाजता उठायचात? आधी कुठं बघायचात, आभाळाकडे की पाण्याकडे?” मग वारा येतो. रात्रीचा जमिनीवरून दर्याकडे जाणारा मतलई, दुपारचा खारा वारा. मग भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग या शब्दांशिवाय इथं कुणी काळ मोजत नाही, तेव्हा मुलाखतीला जाताना त्या दिवसाची तिथी पाहून जा. तिथी माहीत असलेला पोरगा आहे असं दिसलं की लोक मोकळे होतात.

हत्यारांबद्दल विचारा. सुती जाळं होतं तेव्हा ते टिकावं म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे. ती साल कोण आणायचं, कढई कुणाची, वास किती दिवस राहायचा? नायलॉन आलं तेव्हा घरातलं कुठलं काम संपलं? पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, कसा फेकतात ते उभं राहून दाखवायला सांगा. खोली वावात सांगतील, त्याचे मीटर करत बसू नका, “दोन्ही हात पसरले की एक वाव” असं ते दाखवतात तेच लिहा.

साल विचारलं तर चुकीचं साल मिळतं. घटना विचारा. कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा लग्न झालं होतं का? गिरणी संप लागून (१८ जानेवारी १९८२) मुंबईहून कोण परत आलं आणि पुन्हा रापणीला लागलं? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली (२६ जानेवारी १९९८) तेव्हा होडी कुठली होती? फयान वादळाच्या दिवशी (११ नोव्हेंबर २००९) कोण दर्यात होतं? मे २०२१ च्या तौक्तेत काय गेलं? वादळांबद्दल विचारताना सावकाश. ज्यांची माणसं परत आली नाहीत त्या घरात हा प्रश्न तुम्ही काढायचा नसतो.

गप्प बसायला शिका. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजा. चांगली गोष्ट बहुधा तिसऱ्या आकड्याला सुरू होते.

नकाशा

मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं काम हेच. उपग्रहाच्या छायाचित्राचा मोठा छापील कागद न्या, त्यावर ट्रेसिंग पेपर लावा आणि तांडेलाच्या हातात पेन्सिल द्या. अधिसूचनेत पाण्याला नावं नाहीत, आकडे आहेत. तांडेलाच्या डोक्यात प्रत्येक खडपाला, म्हणजे पाण्यातल्या खडकाला, नाव आहे आणि नावाला कारण आहे. जागा कशी ओळखता असं विचारलं की जमिनीवरच्या दोन खुणा सांगतील, एक देऊळ आणि मागचा डोंगर, एक माड आणि पलीकडचं टोक. दोन्ही एका रेषेत आले की त्या रेषेवर राहायचं, दुसऱ्या बाजूच्या दोन खुणांची रेषा जिथं छेदेल तिथं जाळं. आता त्यातला माड वादळात पडलेला असतो, देवळापुढे दुमजली रिसॉर्ट उभं असतं. कुठली खूण कधी गेली हे नोंदवलंत की किनारा कसा बदलला त्याचा इतिहास न विचारता मिळतो.

देवबागला हे विशेष करून बघा. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. संगमाजवळच्या वाळूच्या बेटाला पर्यटकांच्या तोंडी ‘सुनामी आयलंड’ असं नाव आहे आणि ते २००४ च्या सुनामीत वर आलं असं सांगितलं जातं. गावातल्या म्हाताऱ्यांना कागद देऊन विचारा, तिथं आधी काय होतं, त्याला काय म्हणत. दोघांनी दोन उत्तरं दिली तर दोन्ही ट्रेसिंग पेपर ठेवा, एकावर एक गिरवू नका.

उतरवून काढणं

एका तासाचं मुद्रण कागदावर उतरवायला पाच-सहा तास तरी जातात. पहिल्या महिन्यात दहा मुलाखती घेणारे लोक इथेच बुडतात. दोन घ्या, त्या पूर्ण उतरवा, मग तिसरी.

मालवणी मालवणीतच लिहा. “बांगडो गावलो” याचं “बांगडा मिळाला” केलंत की माणूस निघून जातो आणि अहवाल उरतो. अडलेल्या शब्दांची वही वेगळी ठेवा : शब्द, कोणी वापरला, कशाबद्दल, आणि तोच अर्थ दुसऱ्या गावात कुठल्या शब्दानं सांगतात. इथली इसवण मुंबईत सुरमई होते, हे सोपं उदाहरण. वारे आणि खडक यांच्या नावांत खरी दमछाक आहे. शब्द कळला नाही तर अंदाजानं भरू नका. चौकट टाका, मिनिट-सेकंद लिहा आणि पुढच्या फेरीत विचारा.

फाइलला नाव देताना तारीख, गाव आणि काम एवढंच द्या, माणसाचं नाव वेगळ्या यादीत. तीन प्रती, त्यातली एक मालवणाबाहेर.

परत नेऊन देणं

ही पायरी गाळणाऱ्यांमुळे गावात पुढच्याला दार उघडत नाही. पहिली प्रत घरच्यांना द्या, पेनड्राइव्हवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर छोटे तुकडे करून. त्यानंतरच शाळा, ग्रंथालय, विद्यापीठ.

परत जाताना उतरवलेला मजकूर आणि नकाशा दोन्ही घेऊन जा आणि मोठ्यानं वाचा. मी एका तांडेलांकडे नकाशा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलेलं एका खडपाचं नाव बघून कपाळाला हात लावला. म्हणाले, हे नाव पलीकडच्या वाडीचं, आम्ही त्याला दुसरंच म्हणतो, त्या दिवशी मी तुला पाहुणा समजून त्यांचं नाव सांगितलं. मी पहिलं नाव खोडलं नाही. त्याच्या खाली दुसरं लिहिलं, शेजारी तारीख घातली, आणि पलीकडच्या वाडीत कोणाला भेटायचं ते त्यांनाच विचारून घेतलं.